गरम होऊन बंद पडलेला डेस्कटॉप सुरूच होत नाही, तर मदरबोर्ड गेला असे समजावे का?

आपण लिहिले आहे की काम चालू असताना डेस्कटॉप अतिशय गरम होऊन अचानक बंद पडला, आता बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो, आणि दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. न उघडता दिलेला हा निकाल मुळीच मान्य करू नका. हेच वाक्य मी २०१७ च्या मे महिन्यात ऐकले होते, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

आम्ही तेव्हा गिरगावातल्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो आणि मी घरूनच डीटीपीची कामे करत असे. संगणकाच्या टेबलाला खाली कॅबिनेटसाठी कप्पा होता, त्याला पुढे दार आणि मागे फळी. धाकट्या भाऊजींचे म्हणणे असे की गॅलरीतून रस्त्याची धूळ येते, तेव्हा ते दार बंदच राहिले पाहिजे. मी दार उघडे ठेवून कामाला बसायचे आणि ते येता-जाता लावून घ्यायचे. वर्षभर हेच चालले होते. त्या दिवशी एका वधू-वर सूचीतली तीनशे छायाचित्रे लावून झाली होती, संध्याकाळपर्यंत छापखान्यात पीडीएफ पोहोचवायची होती, आणि ती तयार होत असतानाच पडदा काळा झाला. कप्प्याचे दार उघडले, तेव्हा तापलेल्या इस्त्रीजवळ हात नेल्यासारखी धग आली.

जवळच्या दुरुस्तीवाल्याने प्लग लावला, बटण दाबले, पंखा अर्धा वेढा घेऊन थांबलेला पाहिला आणि माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना सांगितले, "बोर्ड उडालाय. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून साडेआठ हजार होतील. वहिनींना म्हणावं, आता नवीनच घ्या." यंत्रावर रोज दहा तास काम करणारी मी समोर उभी होते, आणि तो पंखा पूर्वी कसा वाजायचा, किती दिवसांपासून जास्त घोंघावत होता, हे त्याने विचारलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेले. तिथल्या एका छोट्या गाळ्यात वयस्कर कारागिराने वर्तमानपत्र अंथरून ते आडवे केले, फळीवरचा दुसरा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, काढून नुसता जोडला, आणि यंत्र सुरू झाले. मला हायसे वाटले, पण त्याने मान हलवली आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन प्रोसेसरचे तापमान दाखवले. नुसत्या त्या पडद्यावर, काहीही काम चालू नसताना, आकडा ७८ अंशांवरून ८४ आणि ८४ वरून ९१ वर गेला. त्याने लगेच यंत्र बंद केले, प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरच्या, म्हणजे पंखा आणि त्याखालच्या धातूच्या हीटसिंकच्या, कडेवर अंगठा ठेवून हलके दाबले, आणि कूलर एक पाय आखूड असलेल्या पाटासारखा डुगडुगला. कूलर बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक सुटली होती. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, वाळून खडूच्या भुकटीसारखी झाली होती. जुन्या एसएमपीएसमधल्या दोन कॅपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली होती. नवा एसएमपीएस, पेस्ट आणि मजुरी धरून १,४५० रुपये झाले.

आता कारण. हीटसिंक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ती हवा जितकी तापलेली, तितका प्रोसेसर वर चढतो. बंद कप्प्यात मागच्या पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. ज्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या कोपऱ्यात असतो, तिथे तो आतलीच तापलेली हवा खेचतो, आणि कॅपॅसिटरांचे आयुष्य ढोबळ मानाने दर दहा अंशांच्या वाढीला निम्मे होते. धूळ म्हणाल, तर आमच्या बंद कप्प्यातूनही बोटभर जाड धूळ निघाली, कारण पंखा फटीतून ती ओढतोच. भाऊजी आजही म्हणतात की पिन सुटली नसती तर दाराने काही बिघडले नसते. पिनेने प्रोसेसर तापला, हे खरे. पण ती उष्णता कप्प्यात कोंडली गेली ती दारामुळेच, आणि एसएमपीएस गेला तो त्या कोंडलेल्या हवेत.

प्रोसेसरला मात्र स्वतःचे संरक्षण असते. मर्यादा गाठली की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद करतो. अनेक इंटेल प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि एएमडीच्या अनेक रायझेन प्रोसेसरांत ९५. म्हणून गरम होऊन बंद पडणे म्हणजे जळणे नव्हे. आपण प्लग काढा, अर्धा तास थांबा, कूलर हलतो का ते पाहा, आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी घट्ट आहे याची खात्री करा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढा, एकच रॅम ठेवा आणि तिचे संपर्क खोडरबराने पुसा; मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ते काळे पडतात. तरीही पंखा क्षणात थांबत असेल, तर कुणाकडून चांगला एसएमपीएस मागून लावून पाहा. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ च्या आत हवी, पण भार नसताना ठीक दिसणारा एसएमपीएस भाराखाली कोसळू शकतो, त्यामुळे बदलून पाहणेच खात्रीचे. कूलर एकदा उचललात, तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नका. आणि आपला संगणकही टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर मागची फळी काढाच. आमची मी त्याच रात्री स्क्रू ड्रायव्हरने काढली.

हे आधीच सांगायला हवे होते: एसएमपीएस स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. जुन्या चाळींत तिसऱ्या पिनेला अर्थिंग असतेच असे नाही, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जळका वास येत असेल, किंवा मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवतीचेच कॅपॅसिटर फुगलेले दिसले, तर आपल्या दुरुस्तीवाल्याचे म्हणणे बरोबर निघू शकते, पण ते त्याने आपल्यासमोर कॅबिनेट उघडून आणि बोट ठेवून दाखवले पाहिजे.