बॉल पायथन आणण्याआधी

बॉल पायथन म्हणजे पाळला जाणारा आफ्रिकी अजगर. आधी थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक पातळीवर राखणारं यंत्र) घे, साप नंतर. हीट मॅट (सापाच्या पेटीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय लावलीस तर ती तापतच राहते आणि पोट भाजेपर्यंत साप पुष्कळदा तिथून हलत नाही. पेटीच्या एका टोकाला साधारण ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्याला २५-२६. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) उबदार बाजूला, सापाचं अंग टेकतं तिथेच ठेव. काचेवर चिकटवायचे गोल तापमापक मला तरी निरुपयोगी वाटतात. लपायला दोन्ही टोकांना अंग घासेल इतकी अरुंद जागा हवी, नाहीतर भीतीपोटी तो गार बाजूलाच दडून राहील. दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास. हीट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) दुकानदाराने फुकट दिला तरी नको! आणि भारतात असशील तर या सापाची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. धामणीसारखे देशी साप पाळणं मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच.