वाचकांचे प्रश्न : बर्फातला कॅमेरा

प्रश्न : जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीला जाणार आहे. तिथे कॅमेऱ्याची बॅटरी लवकर संपते आणि फोटोत बर्फ राखाडी येतो म्हणतात. काय करावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमच्या खानापूरजवळच्या जांबोटीच्या धुक्यातला अनुभव तिथे अपुरा पडेल, स्पितीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ती रिकामी दाखवते. फेकू नका, आतल्या खिशात ऊब मिळाली की थोडी चालते. जादा दोन अंगालगत ठेवा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, कायमची बिघडते.

राखाडी बर्फाचं कारण कॅमेऱ्यातला मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग. तो पांढऱ्यालाही मध्यम करड्या छटेत मोजतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +१ ते +१.७ ठेवा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटू देऊ नका. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

खरा घात मात्र खोलीत शिरताना होतो. उबदार हवेतली वाफ गार काचेवर, आत सर्किटवरही, पाणी होऊन बसते. म्हणून बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा, मेमरी कार्ड आधीच काढून घ्या. पिशवी दोनेक तास उघडायची नाही. लेन्सवरचा बर्फ फुंकर मारून उडवू नका, श्वासाची वाफ तिथेच गोठते. रबरी ब्लोअर वापरा.