हप्त्याचा आकडा घेऊन बाबांशी बोल

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, "काका, पगाराचा विषय निघाला की आमच्याकडे वाजतंच." ते डोक्यात राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

बाबांना तुला कॉम्प्युटरला घालायचंय, तुला भूगर्भशास्त्र करायचंय. तू म्हणतोस "मला आवडतं", ते म्हणतात "पोटापाण्याचं काय?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही रे. त्यांना त्याचं नीट उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, एवढंच.

बँकेत मी बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. एकदा एक वडील सहकर्जदार म्हणून सही करत होते. शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, "बाबा, हप्ता किती येईल?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. कॉलेज ठरलं होतं, होस्टेल ठरलं होतं, पण हा हिशोब घरात झालाच नव्हता. मी एक कागद उलटा केला आणि मांडला. तोच तुला मांडून देतो.

समज, चार वर्षं दरवर्षी दीड लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर साधारणपणे हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हप्ते सुरू होतात तेव्हा सहा लाखांचे ८ लाख १० हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये.

आता दुसरी बाजू. साडेचार लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ३७,५०० असं वाटतं. पण त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारी रक्कम असं सगळं धरलेलं असतं. हातात पडतात ते कमीच, आणि त्यातूनच खोलीभाडं, मेस आणि हा हप्ता. जाहिरातीतलं "सर्वाधिक पॅकेज" एखाद्याच मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांनी भरलेली माहिती बघ. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती, हे त्यात सापडतं.

भूगर्भशास्त्रालाही हीच कसोटी लाव, तिथे स्वतःला सूट देऊ नकोस. नुसत्या बीएस्सीवर फारसं भागत नाही, एमएस्सी धरून पाच वर्षं. मग यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा आहे, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. जागा मोजक्या, परीक्षा अवघड. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, खाणी आहेत, बोगद्यांची कामं आहेत. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला काय मिळतं, ते तिथे काम करणाऱ्या माणसाला भेटून विचार.

आणि बाबांना ती बोअरची गोष्ट आठवून दे. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तिथे खोदलं, आणि दोन्ही बोअर कोरड्या गेल्या. तू तेव्हा सातवीत होतास, बाहेर पडलेली दगडाची भुकटी कागदात बांधून माझ्याकडे आणली होतीस. हे खूळ तिथून आहे, हे त्यांना कदाचित माहीतच नसेल.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. बाबांना घेऊन ये, दोन्ही कॉलेजांच्या फीचे कागद आण. कोरी वही मी काढून ठेवतो.

तुझा,
काका