दगडी पुन्हा पुन्हा का उलटते?

कागलहून एक वाचक: माझ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचा मागचा एक सड तिसऱ्यांदा दगडी (कासेची सूज, मस्टायटिस) झालाय. सडात औषधाची ट्यूब सोडली की चार दिवस दूध साफ, मग पुन्हा गुठळ्या. जास्त पॉवरचं इंजेक्शन सांगा.

सांगणार नाही. जंतू कोणता आहे, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. वर्णनावरून संशय स्टॅफिलोकोकस ऑरियसवर जातो. याच्या अनेक जाती पेनिसिलिन तोडून टाकणारं विकर बनवतात. शिवाय हा कासेतल्या पेशींत शिरतो, बारीक गळवांत दडतो, भोवती चिकट थर करतो. मग प्रयोगशाळेत लागू पडणारं औषधही कासेत त्याच्यापर्यंत पोचत नाही. जुनाट दगडीत बहुधा दोन्ही कारणं मिसळलेली असतात.

म्हणून पुढची ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या, मग निर्जंतुक बाटलीत थोडं दूध धरा आणि बर्फात ठेवून पाठवा. कुठे पाठवायचं ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा (जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं याचा) अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात. गाईला ताप असेल, वैरण सोडली असेल, तर तेवढं थांबू नका. नमुना घेऊन लगेच डॉक्टरांकडून उपचार सुरू करा.

आणि ते 'पॉवरचं' इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा सेफ्ट्रायॅक्झोन हे प्रतिजैविक असतं. माणसांच्या दवाखान्यात गंभीर आजारासाठी राखून ठेवायचं औषध आपण गोठ्यात अंदाजानं टोचतो, याचा मला राग येतो. जुना स्टॅफ दूध चालू असताना हटत नाही, असं पुष्कळदा होतं. गाय आटवताना (विण्याआधी तिचं दूध बंद करताना) सडात सोडायच्या लांब टिकणाऱ्या ट्यूबचा गुण जास्त येतो. तोवर तिची धार सगळ्यांत शेवटी काढा. एवढं करूनही उलटलं, तर तो सड कायमचा आटवणं किंवा गाय गोठ्यातून कमी करणं, याचा हिशेब मांडावा लागेल.

पन्हाळ्याहून: ट्यूब एकाच सडात सोडली. बाकी तीन सडांचं दूध डेअरी संस्थेत घालू का? घरी उकळून वापरलं तर?

दोन्ही नको. औषध कासेतून रक्तात उतरतं आणि इतर सडांतही येतं. उकळून जंतू मरतात, पण पेनिसिलिनसारख्या औषधाचा अंश बऱ्याच अंशी तसाच राहतो. ट्यूबच्या वेष्टनावर छापलेला काळ संपेपर्यंत चारही सडांचं दूध बाजूला काढा. या दुधाला विरजण लागत नाही, ते त्या अंशामुळेच. आणि 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ते वासराला पाजू नका. त्याच्या आतड्यातले जंतू औषधाला निर्ढावतात आणि शेणावाटे गोठाभर होतात.

कोल्हापूर शहरातून: गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण (नुकतंच काढलेलं, कच्चं) दूध पितो. औषधाला दाद न देणारे जंतू त्यातून येतील का?

येऊ शकतात. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये गाईंच्या दुधातल्या स्टॅफमध्ये मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देऊ देणारा एक नवा जनुक सापडला. माणसांच्या नमुन्यांतही तोच होता. मात्र औषधाला दाद न देणारा जंतू उष्णतेला दाद देतोच. उकळी आली की तो संपला. फक्त कच्चं दूध तासन्‌तास उबेत ठेवू नका, कारण स्टॅफनं एकदा सोडलेलं विष उकळूनही जात नाही. कट्ट्यावरच्या फेसाळ पेल्याची चव मलाही ठाऊक आहे, पण लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांना तो देऊ नये असंच सांगेन.

शिरोळहून: कोरफड, हळद, चुन्याचा लेप खरंच चालतो का?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तो सुचवतं: 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना. धार काढून कास धुतल्यावर दिवसातून अनेकदा लावायचा. सुरुवातीच्या सुजेत लावून बघायला हरकत नाही. दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं येत असेल, तर लेपावर विसंबू नका.

राधानगरीहून: पावसाळ्यातच दगडी जास्त का होते?

चिखल आणि ओली जमीन. धार काढल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो आणि जनावर नेमकं तेव्हाच बसतं. सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि वैरण धारेनंतर टाका, म्हणजे ते खात उभं राहील.