इतकी वर्षं बाहेर राहिलेले फिनलंड आणि स्वीडन अचानक नाटो या लष्करी आघाडीत का गेले?

'अचानक' हा शब्द मला पटत नाही. दोघेही १९९४ पासून नाटोचे भागीदार होते, एकत्र सराव करत होते. फक्त उंबरठा ओलांडलेला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि भागीदार असणं व सदस्य असणं यातला फरक साऱ्यांना लख्ख दिसला: नाटो कराराच्या कलम ५ चं संरक्षण, म्हणजे एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानणं, फक्त सदस्यांना मिळतं.

फिनलंडची रशियाशी सुमारे १३४० किलोमीटरची सीमा आहे. १९३९-४० चं सोव्हिएत संघाविरुद्धचं हिवाळी युद्ध तिथे कुणी विसरलेलं नाही. शीतयुद्धात मॉस्कोला न दुखवता जगणं हेच त्यांचं धोरण होतं, पण सक्तीची लष्करी सेवा त्यांनी कधीच सोडली नाही. ही शहाणी तयारी मला फार मोलाची वाटते.

खरी कसोटी अर्ज केल्यानंतरची होती. मे २०२२ मध्ये दोघांनी एकाच दिवशी अर्ज दिला, पण प्रत्येक सदस्याची मंजुरी लागते. तुर्कस्तानने आपण दहशतवादी मानतो त्या कुर्दी संघटनांचा मुद्दा पुढे करून अडवून धरलं, हंगेरीनेही वेळ काढला. त्या मधल्या काळात कलम ५ लागू नव्हतं, म्हणून ब्रिटनने दोघांना स्वतंत्रपणे मदतीची हमी दिली. स्वीडनने दहशतवादविरोधी कायदाही कडक केला.

फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये सदस्य झाला. एकत्र निघालेल्या स्वीडनला मात्र मार्च २०२४ पर्यंत ताटकळावं लागलं.