सहज, स्वाभाविक आणि नैसर्गिक

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, अहिराणी एकांकिकेच्या परीक्षणात ‘नैसर्गिक अभिनय’ लिहावे, की ‘सहज’ किंवा ‘स्वाभाविक’ म्हणावे. ‘नैसर्गिक अभिनय’ रूढ असल्यामुळे त्याला चूक ठरवता येणार नाही. मात्र परीक्षणात याहून नेमका शब्द हवा.

‘सहज आलो होतो’ म्हणणारा पाहुणा हेतू नाकारतो, तर ‘सहज अभिनय’ म्हणताना नटाचे सायास कुठे दिसले नाहीत, एवढेच आपण सांगतो. तालमी झाल्याच नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘स्वाभाविक’ या शब्दाचा रोख नटापेक्षा पात्राकडे असतो. केळीचे भाव कोसळल्याचे ऐकून रावेरकडचा म्हातारा शेतकरी आरडाओरडा न करता पागोटे काढून नुसता बसून राहिला, तर ते त्याच्या स्वभावाला आणि प्रसंगाला धरून, म्हणजे स्वाभाविक झाले. या दोन गुणांची नेहमीच जोडी जमते असे नाही. ‘काय करी ऱ्हायना?’ हे वाक्य एखादा नट अगदी सहज म्हणतो, पण शेवटच्या शब्दावर मुद्दाम जोर देऊन हशा वसूल करतो, तेव्हा ते पात्राच्या तोंडी स्वाभाविक राहत नाही. (अहिराणी म्हणजे विनोदाची बोली, हा समज अशाच जोरावर पोसला गेला आहे.) उलट, चारचौघांत अवघडणाऱ्या माणसाचे अवघडलेपण कसलेला नट सहज उभे करतो.

संस्कृतात ‘निसर्ग’ म्हणजेही स्वभाव. त्यामुळे तिथे ‘नैसर्गिक’ आणि ‘स्वाभाविक’ जवळजवळ एकच होते. आजच्या मराठीत मात्र ‘नैसर्गिक’ म्हटले की माणसाच्या हाताने न घडलेले, असा अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो, आणि कलाकृतीच्या वर्णनात अडचण होते ती इथेच. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) घरातल्या टेबलावर साध्या वस्तूंची मांडणी करून निसर्गदृश्ये टिपत. त्या छायाचित्रांतले दृश्य स्वाभाविक वाटते, मांडणीही सहज भासते. पण त्याला नैसर्गिक म्हटले, तर त्यामागची सारी करामतच नाकारल्यासारखे होते. केळी नैसर्गिकरीत्या पिकतात. अभिनय पिकवावाच लागतो.

तेव्हा परीक्षणात ‘म्हाताऱ्याचे वागणे स्वाभाविक होते आणि नटाने ते सहजतेने वठवले’ असे लिहावे. ‘सहजासहजी’ मात्र इथे वापरू नये; तो शब्द बहुधा नकाराबरोबरच येतो.