वाचकांचे प्रश्न : सी. पी. टँकचे पटेल

प्रश्न : मुंबईतल्या सी. पी. टँक (कावसजी पटेल टँक) या भागाचे नाव ज्यांच्यावरून पडले, ते पारशी कावसजी ‘पटेल’ कसे झाले? त्यांच्या घराण्याचा कोळ्यांशी संबंध होता, हे खरे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : होय, आणि तो संबंध लढाईतून दृढ झाला. दोराबजी नानाभाई हे मुंबईत स्थायिक झालेले पहिले पारशी मानले जातात. पोर्तुगीज अमलात स्थानिक लोकांशी होणारा कारभार ते पाहत आणि बेट इंग्रजांकडे गेल्यावरही ते काम त्यांच्याकडेच राहिले. त्यांचे चिरंजीव रुस्तम. १६९२ च्या सुमारास प्लेगने किल्ल्यातील शिबंदी खिळखिळी झाली असताना जंजिऱ्याच्या सिद्दीची माणसे बेटावर उतरली, तेव्हा रुस्तम दोराबजींनी कोळ्यांची फौज उभी करून त्यांना हुसकावले. ते कवायती लष्करातले अधिकारी नव्हते. वडिलांच्या कामामुळे कोळीवाड्यांत त्यांच्या शब्दाला वजन होते, म्हणूनच होड्या आणि जाळी सोडून माणसे त्यांच्यामागे आली असावीत. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कोळ्यांची वंशपरंपरागत पाटिलकी (म्हणजे ‘पटेल’ हे पद) दिली; कोळ्यांचे तंटे सोडवण्याचा अधिकारही तिच्यात होता. हा सन्मान एका घराण्याला मिळाला, तरी प्रत्यक्ष लढणारे कोळी होते, हे मुंबईच्या इतिहासात ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.

कावसजी हे याच रुस्तमजींचे पुत्र. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी लोकांच्या पाण्याच्या सोयीसाठी तलाव बांधला. तो तलाव पुढे बुजवला गेला. परिसराचे नाव मात्र टिकले.